पाच पहाऱ्यांची ओळ

नाविक तळ, दक्षिण किनारा
३ मार्च २०१५

मोठे काका,

नमस्कार. माझं अक्षर पाहून हसणार हे माहीत आहे, पण इलाज नाही. जहाजावर चढताना फोन पेटीत जमा करावा लागतो, आणि तुम्ही तर फोन कानाला लावून 'ऐकू येत नाही' एवढंच बोलता. म्हणून पत्र.

मी बरा आहे. जहाजाचं नाव लिहायचं नाही, पण नवं कोरं आहे, रंगाचा वास अजून गेलेला नाही. मी नौदलाच्या शाळेत होतो तेव्हा धक्क्यावर रिकामी जागा असायची. आता जहाजं जोडीजोडीनं बांधावी लागतात. जानेवारीत शेजारी एक नवं लागलं, परवा आणखी एक. सगळ्यांना घाई आहे. कशाची ते कुणी सांगत नाही, पण माणसं जेवतानाही घड्याळ बघतात. मलाही तीच सवय लागली आहे.

आता कामाचं. पक्षानं आमच्याकडे नेमलेल्या राजकीय अधिकाऱ्यानं तळावर एक प्रदर्शन मांडायला घेतलंय. सहाशे वर्षांपूर्वीचा आपला मोठा ताफा, मग तो मोडीत निघाला ती शतकं, मग परक्यांच्या तोफांच्या बोटी आपल्या नद्यांत शिरल्या ते दिवस, आणि शेवटी आजची जहाजं. मध्ये एक भिंत थानमेनच्या मच्छीमारांसाठी ठेवली आहे. मी थानमेनचा, आणि त्यातही कप्तानाच्या घरातला, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी मला बोलावून विचारलं, "तुमच्या घरी समुद्रवाटांची वाटवही आहे म्हणे?" मी हो म्हणालो. मे महिन्यात प्रांताच्या संस्थेतले एक तज्ज्ञ बघायला येणार आहेत, तोवर मूळ वही आली तर बरं, असं ते म्हणाले.

एका मोठ्या जहाजावर दिशाधिकारी निवडायचे आहेत, त्याची यादी वर्षअखेर लागेल. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं कुणी म्हणालेलं नाही. नाही असंही कुणी म्हणालेलं नाही. काका, वही पाठवा. काचेखाली राहील, फू घराण्याचं नाव लागेल. आईला सांगा, जेवण चांगलं मिळतं, पण तिच्या हातच्या कोंबडीभाताची सर नाही.

तुमचा,
चिहांग

*

थानमेन, हायनान
१९ मार्च

चिरंजीव चिहांग,

आशीर्वाद शेवटी देतो, आधी भांडण. तुझं अक्षर खेकडा वाळूवरून पळाल्यासारखं आहे. एवढ्या मोठ्या जहाजाची दिशा तुझ्या हाती कशी देतात कोण जाणे.

वहीचं असं आहे की तिला कसर लागली आहे. पानं हातात घेतली की भुगा पडतो. शिवाय ती कुठल्या पेटीत आहे ते आठवत नाही, आणि माझी नजरही गेली आहे. (हे पत्र मी चष्मा लावून लिहितोय, हे त्या अधिकाऱ्याला सांगू नकोस.)

त्याला दुसरं काही सांग. त्याच्या त्या सहाशे वर्षांपूर्वीच्या ताफ्यानंतर सरकारनं पिढ्यान् पिढ्या समुद्राकडे पाठ करून बसायचं ठरवलं, तेव्हाही आम्ही दर हिवाळ्यात उत्तरेचा वारा धरून दक्षिणेकडे जात होतो. सोबत होकायंत्र, तांदूळ, आणि एक वही. कुठून निघायचं, सुई कुठल्या घरावर धरायची, किती पहारे जायचं, दिवसरात्र मिळून पहारे दहा. उंदराचं घर उत्तरेला, घोड्याचं दक्षिणेला, कोंबड्याचं पश्चिमेला. बस्स. आमच्याकडे ना झेंडा होता ना तोफ. आता त्यांना भिंत सजवायला आमची आठवण झाली.

अठ्ठावन्न साली मी सतरा वर्षांचा होतो. नौदलाची एक बोट गावात आली. लाकडी, पुढे एक मशीनगन, आणि वर उत्तरेकडची दहा-बारा पोरं, ज्यांनी समुद्र त्याच महिन्यात पाहिला होता. बेटांची वाट दाखवा म्हणाले. माझे वडील होडी घेऊन पुढे, आणि आपलं आरमार मागून. पोरं कठड्याला रांगेनं उभी राहून ओकत होती. त्यांच्या प्रमुखानं वडिलांना विचारलं, "कप्तान, अजून किती?" वडील म्हणाले, दोन पहारे. त्यानं नकाशा काढला, त्याच्या नकाशावर तिथं नुसतं निळं होतं.

आता तुमची जहाजं बंदरात मावत नाहीत. चांगलं आहे. मला अभिमान वाटत नाही असं नाही. पण परवा धक्क्यावर बसलो होतो तेव्हा मोजलं, आपल्या गावातही चाळीस लोखंडी होड्या आल्या आहेत, प्रत्येकीवर आकाशातून वाट सांगणारं यंत्र. पोरं त्याच्याकडे बघत होडी हाकतात, पाण्याकडे कुणी बघत नाही. मी काही बोललो की म्हणतात, आजोबा, चहा घ्या.

वही घराबाहेर जात नाही. आशीर्वाद.

फू बोयुआन

*

नाविक तळ
२१ एप्रिल

मोठे काका,

कसर, पेटी आणि नजर, तीन कारणं एका दमात. एकच दिलं असतं तर विश्वास ठेवला असता.

तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता म्हणून सुटीच्या दिवशी आईला फोन केला. सहज म्हणालो की काका वही देत नाहीत. तिनं आधी जेवलास का ते विचारलं. मग म्हणाली, तुझ्या बाबांची नक्कल आहे माझ्याकडे, बिस्किटांच्या डब्यात. बत्तीस वर्षांचा झालो, मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात डबा आला. बाबांचं अक्षर मी प्रथमच पाहिलं. तीन वर्षांचा होतो ते गेले तेव्हा, मला त्यांचा चेहराही फोटोतलाच आठवतो. अक्षर माझ्यासारखंच आहे, खेकड्याचं.

काका, मला राहवेना. पाळी संपली की रोज तासभर नकाशा घेऊन बसलो. बाबांच्या वहीत एकशे बारा ओळी आहेत. एकेक ओळ घेतली, सुईचं घर अंशांत बदललं, पहाऱ्यांचे मैल केले आणि नकाशावर रेघ मारली. रेघा नेमक्या खडकांवर जाऊन टेकतात. एवढंसं होकायंत्र आणि डोळे यांच्या जोरावर तुम्ही लोकांनी हे कसं केलं? आमच्या कप्तानांना दाखवलं तर तेही खुर्ची ओढून बसले.

फक्त एक ओळ चुकली आहे. 'घोड्याचं घर धरून पाच पहारे, उलटी कढई.' आजूबाजूच्या खडकांवरून उलटी कढई हा खडक कुठला ते ओळखता येतं. तिथवर चार पहारेच भरतात. पाच लिहिलेत. नक्कल करताना बाबांच्या हातून चूक झालेली दिसते. एकशे बारात एक, म्हणजे काहीच नाही, पण तो तज्ज्ञ नेमकं तेवढंच बघेल. तुमची मूळ वही आली तर पडताळून पाहता येईल. नाहीतर घराण्याची निष्काळजी म्हणून नोंद होईल.

तुमचा,
चिहांग

*

थानमेन
२ मे

चिहांग,

बाबांची वही कुणाला दाखवू नकोस. ती आईला परत पाठव. त्याच्या बदल्यात मी माझी पाठवतो, हवी तितके दिवस ठेव. पण ती आधी परत यायला हवी.

तुझ्या बाबांच्या हातून चूक होत नसे. हे लक्षात ठेव.

बोयुआन

*

एका जागेवरून
२८ जून

मोठे काका,

तुमचं पत्र उशिरा मिळालं. तोवर तज्ज्ञ येऊन गेले होते. मला वाटलं होतं, काचेखाली आपलं नाव लागावं असं तुम्हाला वाटतंय आणि बाबांचं लागतंय हे खुपतंय. तसं वाटलं याची आता लाज वाटते, पण वाटलं हे खरं.

तज्ज्ञ चांगला माणूस. दोन तास वही चाळली, खूप कौतुक केलं. पण बोट शेवटी त्या ओळीवर आलंच. हसून म्हणाला, "अर्धवट शिकलेला कप्तान असणार. अशाच ओळीवर माणसं बुडायची." त्याला कुठे ठाऊक, मी कोण. राजकीय अधिकाऱ्यानं वहीखाली चिठ्ठी लावली: नक्कल फू बोलिन, एका ठिकाणी उतरवणाऱ्याची चूक. एवढीच चिठ्ठी आहे बाबांच्या नावाची अख्ख्या जगात. आपल्याकडे त्यांची कबरसुद्धा रिकामी आहे, आत त्यांचे कपडे तेवढे.

मला आता दुसरीकडे हलवलंय. कुठे ते लिहिता येणार नाही. एवढं सांगतो की ज्या ओळीत चूक आहे, तिच्या टोकाला मी उभा आहे.

इथे पूर्वी भरतीला काहीच दिसत नसे म्हणतात. आता मोठमोठ्या बोटी तळाची वाळू ओढून एका नळातून खडकावर ओततात. सकाळी जिथं पाणी असतं तिथं चार दिवसांनी ट्रक फिरतो. काँक्रीट, धक्का, दिवे, सगळं एका वर्षातलं. यंत्रं थांबत नाहीत, त्यामुळे झोप लागत नाही. थांबली तर त्यानंही जाग येते. आमच्या पोरांना आनंद आहे, पायाखाली आपण बनवलेली जमीन आहे म्हणून. मलाही होता. पण एका बाजूला अजून थोडा जुना खडक उरलाय, तिथे लाटा दोन बाजूंनी येऊन मधोमध फुटतात, आणि मी रोज तिथे जाऊन उभा राहतो.

लहानपणापासून मला सांगितलं की बाबा वादळात गेले. कुठे, ते कुणी सांगितलं नाही. आता मनात येतं की त्यांनी स्वतःच चुकीचा आकडा उतरवला, आणि त्याच आकड्यावर होडी नेली. तसं असेल तर सांगा. मी इथं नकाशे सांभाळतो, माझ्या एका आकड्यावर दोनशे माणसं असतात. माझा बाप असा होता का, हे मला कळायला हवं.

चिहांग

*

थानमेन
२० जुलै

चिहांग,

हे पत्र तुझ्याआधी तुमच्याकडचा कुणीतरी उघडून वाचेल. वाचू दे. त्यानं वाचावं म्हणूनच नीट अक्षरात लिहितो आहे.

तुझ्या बाबांच्या हातून चूक झाली नाही. पाच हा आकडा मीच लिहिला होता, माझ्या वहीतही तोच आहे.

आपल्याकडे एक रीत होती. ती बाहेर कुणाला सांगत नसत, म्हणून तुमच्या तज्ज्ञाला ठाऊक नाही. वही चोरीला जाते, दारूच्या नादात कुणी उघडून दाखवतो, जावई आपल्या भावाला देतो. म्हणून प्रत्येक कप्तान आपल्या वहीत एक ओळ खोटी ठेवायचा. ज्या खडकावर माल सर्वांत जास्त, नेमकी तीच. खरा आकडा कागदावर कधीच उतरत नसे. ज्याला वही द्यायची तो समुद्रात गेलेल्या एकशे आठ भावांच्या देवळात दिवा लावायचा, मग मोठ्याच्या दारी येऊन विचारायचा, आणि मोठा त्याच्या कानात सांगायचा. कुठली ओळ खोटी आणि खरं काय. विचारल्याशिवाय सांगायचं नाही. माझ्या वडिलांनी मला तसंच सांगितलं.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात बोलिन वेगळा निघाला. तीस-एकतीस वर्षांचा, हुशार, माझ्यापेक्षा पाण्याची समज जास्त. शेजारच्या गावातल्या तिघांना भागीदार घेतलं. मला ते पटलं नाही. मी म्हणालो, फूंची वाट परक्यांच्या होडीत जाणार. तो म्हणाला, दादा, तुझी वाट तुझ्याजवळ ठेव. मी रागानं वही त्याच्यापुढे टाकली, घे म्हटलं, उतरवून. त्यानं आठ दिवस बसून उतरवली आणि माझी वही तुझ्या आईच्या हाती परत पाठवली. स्वतः आला नाही.

तो निघायचा होता त्या दिवशी मी सकाळपासून घरात बसून होतो. चहा करून ठेवला होता. मला खात्री होती की तो येणार, विचारणार, आणि मग मी त्याला दोन शब्द ऐकवून सांगणार. ऐकवायचे शब्दसुद्धा ठरवले होते. धक्का माझ्या दारापासून दोन गल्ल्या. मी उठून गेलो असतो तर पंधरा मिनिटांचं काम. त्यांच्या इंजिनाचा आवाज मला घरात ऐकू आला. मी म्हटलं, जाऊ दे, उलट्या कढईला यंदा जाणार नाही तो, पुढच्या वर्षी विचारेल.

त्या आठवड्यात वादळ नव्हतं. होतं असं मी सांगितलं सगळ्यांना.

अकरा दिवसांनी मी होडी घेऊन गेलो. त्यांची होडी खडकावर आडवी पडली होती. तिघं भागीदार वाचले, दुसऱ्या एका होडीनं त्यांना उचललं होतं. त्यांच्यातला थोरला मला म्हणाला की पहाटे पुढे पांढरं दिसायला लागलं तेव्हा ते ओरडले, पण बोलिन घड्याळाकडे बघत म्हणत होता, अजून एक पहारा बाकी आहे. होडी आपटल्यावर तो तिघांना खडकावर चढवून दोरासाठी मागे गेला. मी त्या माणसाचे पाय धरले आणि वादळ होतं म्हणून सांग म्हणालो. तो सांगत राहिला, मरेपर्यंत.

तू म्हणतोस तिथे लाटा दोन बाजूंनी येऊन मधोमध फुटतात. तीच जागा. तुझा बाप तुझ्या पायाखाली कुठेतरी आहे, आणि आता त्याच्यावर वाळू ओतली आहे.

पूर्वी दर वर्षी तिथून जाताना मी पाण्यात दारू ओतायचो. पासष्टीला होडी सोडली, तेव्हापासून तेही बंद झालं. तुला मी वाढवलं, शाळेत घातलं, नौदलात जातो म्हणालास तेव्हा पहिला हो म्हणालो. यातलं काहीही त्याच्या बदल्यात नव्हतं असं मला स्वतःला पटवता येत नाही. तू मला विचारलंस की माझा बाप असा होता का. नव्हता. काका असा होता.

सोबत माझी वही पाठवली आहे. तुमच्या अधिकाऱ्याला सांग, चिठ्ठीवर बोलिनचं नाव काढा आणि माझं लिहा. तुझं यादीतलं नाव यामुळे गेलं तर त्याचाही दोष माझाच.

बोयुआन

*

थानमेन
३ सप्टेंबर

चिहांग,

वही पोचली का, एवढं कळव.

तुझ्या आईलाही मी सांगितलं. वाटलं, तू तिला विचारण्याआधी मीच सांगावं. ती भांडी घासत होती. ऐकून घेतलं आणि घासत राहिली. तीन आठवडे तिच्याकडून कालवण आलं नाही. मग एक दिवस आलं. दार वाजवून वाटी उंबऱ्यावर ठेवून गेली.

आज टीव्हीवर राजधानीतलं संचलन दाखवत होते. नौदलाची पोरं एका रेषेत. तुझा चेहरा शोधत बसलो, तू त्यात नाहीस हे माहीत असून.

बोयुआन

*

थानमेन
९ नोव्हेंबर

चिहांग,

टपालवाला मला बघितलं की लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. मी त्याला सांगितलं, मी तुझी वाट बघत नाही, उन्हात उभा आहे. तरी पोरगं हसतं.

रागावलास तर राग लिहून पाठव. शिव्या घाल. मी तीस वर्षं कुणाच्या शिव्या ऐकल्या नाहीत, तेवढ्याच राहिल्या आहेत. तू सुखरूप आहेस हे कुणा दुसऱ्याकडून कळलं तरी चालेल. पण ते न कळता रात्रंदिवस घालवणं मला या वयात जमत नाही. पहाटे तीनला उठतो, अंगणात फेऱ्या मारतो. शेजारीण म्हणते, कप्तान, आता कुठे जायचंय?

उत्तरेचा वारा सुटला आहे.

बोयुआन

*

नाविक तळ
१७ जानेवारी २०१६

मोठे काका,

मी सुखरूप आहे. हे पहिलं वाक्य सहा महिने लिहायचं राहिलं, त्याबद्दल माफी मागत नाही. जुलैतलं पत्र वाचलं तेव्हा तुम्ही समोर असता तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. सप्टेंबरचं पत्र वाचून फाडलं. नोव्हेंबरचं फाडलं नाही.

तुमचं पत्र माझ्याआधी उघडलं गेलं होतं, तुम्ही म्हणालात तसंच. राजकीय अधिकाऱ्यानं बोलावलं. मला वाटलं, आता ओरडणार. त्यानं दाराला कडी लावली, सिगारेट पुढे केली आणि म्हणाला, "माझा बाप कोळशाच्या खाणीत गेला. तिथंही अपघात म्हणूनच सांगितलं होतं." मग म्हणाला, प्रदर्शनात चूक नको आणि घरातलं भांडणही नको. चिठ्ठी काढली. बाबांची वही मला परत दिली. भिंतीवर आता तिच्या फक्त चार पानांचे मोठे फोटो आहेत, ती ओळ असलेलं पान त्यात नाही. तुमचं नाव लावा असं मी दोनदा म्हणालो. नाही म्हणाला.

यादी लागली. माझं नाव आहे. मार्चअखेर लांब पश्चिमेला जायचं आहे, आपल्या वहीतल्या कुठल्याही ओळीच्या पलीकडे. किती महिने ते सांगितलेलं नाही. मी खूश व्हायला हवं, झालोही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या खडकावरून आल्यापासून कुठेच पाय ठरत नाही. जुना खडक होता तिथेही सप्टेंबरात काँक्रीट पडलं. मी दारू घेऊन गेलो होतो, ओतायला पाणीच राहिलं नव्हतं. सिमेंटवर ओतली. शिपायानं बघून न बघितल्यासारखं केलं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. डिसेंबरात आईला फोन केला. तिला म्हणालो, काकांनी बाबांना मारलं. ती म्हणाली, असं बोलू नकोस, तुला सगळं माहीत नाही.

काका, बाबांना रीत ठाऊक होती. त्याच घरात वाढले, ठाऊक नसणार कशी? वहीत एक ओळ खोटी आहे हे त्यांना माहीत होतं. कुठली, ते तेवढं माहीत नव्हतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आई त्यांना म्हणाली, दोन गल्ल्यांवर घर आहे, जाऊन विचारून या. ते म्हणाले, दादाला सांगायचं असेल तर तो येईल. ती म्हणाली, मग मी जाते. त्यांनी तिला शपथ घातली. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर दोर सोडेपर्यंत ते गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. आईनं हे तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. तिला वाटत होतं, ती शपथ मोडून धावत तुमच्याकडे आली असती तर. तुम्ही वादळ म्हणालात तेव्हा तिनं मुकाट्यानं मान्य केलं, कारण तिलाही वादळच हवं होतं.

म्हणजे तुम्ही घरात बसून त्यांची वाट बघत होता, आणि ते होडीत बसून तुमची. मी हे वाचून दाखवावं असं कुणी नाही इथे, म्हणून पुन्हा पुन्हा मनाशी म्हणतो. मला तुमचा राग येतो. त्यांचाही येतो. त्यांच्यावर रागवायला मला पहिल्यांदाच मिळालं, फोटोवर रागवता येत नाही.

तुमची वही मी परत आणतो आहे. तळाला देणार नाही. त्यातही पाचच लिहिलेत, हे पाहिलं.

खरा आकडा मला ठाऊक आहे. एप्रिलमध्येच नकाशावर मोजला, आकाशातल्या यंत्रावर ताडून पाहिला, आता तर मी त्या जागेवर राहून आलो. त्या वाटेनं मासे धरायला कुणी जाणार नाही, आकडा कुणाच्या उपयोगाचा नाही. आणि तुम्हाला मुलगा नाही, तेव्हा ही रीत तुमच्यापाशीच संपणार हेही ठाऊक आहे.

मला फेब्रुवारीत आपल्या नववर्षाची चार दिवस रजा मिळाली आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात दिवा लावीन, मग तुमच्या दारी येईन. तुम्ही धक्क्यावर येऊ नका, उन्हात उभे राहू नका, घरातच बसा.

मी विचारायला येतोय.

चिहांग